जुनी मशीद, लाल देऊळ

पुण्याच्या कॅम्पात लाल विटांची, घड्याळाच्या उंच मनोऱ्याची एक इमारत आहे. बगदादहून मुंबईला येऊन व्यापारात नाव कमावलेल्या डेव्हिड ससून यांनी ती 1863 मध्ये बांधायला घेतली, 1867 मध्ये ती पुरी झाली. मधल्या काळात, 1864 मध्ये, ससून पुण्यातच वारले आणि त्यांची समाधी त्याच आवारात आहे. इमारतीचं हिब्रू नाव ओहेल दाविद, म्हणजे दाविदाचा तंबू. पुणेकरांनी मात्र तिला लाल देऊळ म्हटलं. मुंबईत मांडवीला याहून जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, 1796 मधलं, शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. त्याला लोक जुनी मशीद म्हणत आले. स्वतः बेने इस्राएल मंडळीही, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यूही, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि जवळच्या रेल्वे स्टेशनाचं मस्जिद हे नाव त्याच जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. एकाच धर्माचं प्रार्थनास्थळ, एका शहरात ते देऊळ झालं आणि दुसऱ्या शहरात मशीद. याला अज्ञान म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण मला त्यात अज्ञानापेक्षा वेगळं काही दिसतं. माहीत नसलेल्या देवाच्या घराला माणसं आपल्याजवळचा सगळ्यात आदराचा शब्द देतात. ज्याच्या जिभेवर देऊळ होतं त्यानं देऊळ दिलं, ज्याच्या जिभेवर मशीद होती त्यानं मशीद दिली. ‘परक्यांचा अड्डा’ असं नाव कुणी दिलं नाही.

युरोपातल्या जुन्या सिनेगॉगांचं आज काय चाललं आहे याचा विचार करताना हे दोन शब्द हाताशी ठेवावेत असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या खंडात सुमारे 17,000 सिनेगॉग होती असा अंदाज आहे. त्यातल्या साधारण 3,300 ऐतिहासिक इमारती आज उभ्या आहेत आणि ज्यांत अजून प्रार्थना होते अशा त्यांच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये 9 आणि 10 तारखांच्या रात्री जर्मनीत आणि ऑस्ट्रियात हजाराहून अधिक सिनेगॉग जाळली, फोडली गेली. पुढे युद्धात पोलंड, लिथुएनिया, युक्रेन, हंगेरी इथल्या ज्यू वस्त्याच्या वस्त्या मारल्या गेल्या आणि ज्या इमारती जळल्या नाहीत त्या रिकाम्या उरल्या. रिकामी इमारत फार दिवस रिकामी राहत नाही. कुठे धान्याचं कोठार झालं, कुठे सिनेमागृह, कुठे अग्निशमन केंद्र, कुठे वाचनालय. पोलंडमधल्या पोझनान शहरात 1907 मध्ये मोठ्या घुमटाचं भव्य सिनेगॉग उभं राहिलं होतं. नाझींनी 1940 मध्ये घुमट उतरवला आणि आत सैनिकांसाठी पोहण्याचा तलाव केला. नाझी गेले, पण तलाव राहिला. शहरातले लोक तिथे 2011 पर्यंत पोहत होते.

पोझनानचं उदाहरण मी मुद्दाम निवडलं, कारण त्यावर ज्यू धर्मशास्त्राचं मत अठराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी-शेवटी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात सिनेगॉग विकण्याचे नियम आहेत. म्हणजे सिनेगॉग विकता येतं. इमारत कायमची पवित्र आहे, तिला हात लावू नका, असं शास्त्र म्हणत नाही. मात्र आलेल्या पैशातून घ्यायचं ते अधिक पवित्र असं काही, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांसारखं. पैसा खालच्या पायरीवर उतरता कामा नये. विकत घेणाऱ्यानं तिथं काय करू नये याची छोटी यादीही तिथे आहे आणि त्या यादीत न्हाणीघर आहे, चामडं कमावण्याचा कारखाना आहे. पडीक सिनेगॉगबद्दलचा नियम तर मला फार जवळचा वाटतो. त्यातून आडवाट काढू नये, तिथे दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळं वाळत घालू नयेत. आणि गवत उगवलं तर ते उपटू नये, कारण ते पाहून माणसाच्या पोटात कालवलं पाहिजे. जाळी पसरू नयेत हे वाचताना कोकणातलं कुठलंही किनाऱ्यावरचं गाव डोळ्यांपुढे येतं. शास्त्र लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव नीट ठाऊक होता. मोठा अपमान करायला शत्रू लागतो. दोर वळायला आणि जाळी पसरायला शेजारी पुरतो, तोही मनात काही वाईट नसताना.

यावरून मला दोन प्रश्न सुचतात, आणि जुन्या सिनेगॉगच्या आजच्या वापराला लावायची कसोटी मला या दोनच प्रश्नांत दिसते. पहिला, किल्ली कुणाच्या हातात होती? म्हणजे इमारतीचं काय करायचं हे ज्यांची ती होती त्यांनी ठरवलं की त्यांच्या माघारी दुसऱ्यांनी? दुसरा, नाव शिल्लक आहे का? आत शिरणाऱ्याला ही कुणाची जागा होती हे कळतं का? आत संग्रहालय आहे की चहाचं दुकान, संगीताचे कार्यक्रम होतात की चित्रं टांगली आहेत, हा मागाहूनचा प्रश्न आहे, आणि आपण बहुतेक वेळा त्यावरच भांडत बसतो. लंडनच्या ब्रिक लेनवरची एक इमारत पाहा. 1743 मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनामंदिर म्हणून बांधली, पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, 1898 मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं ते सिनेगॉग झालं आणि 1976 मध्ये बांगलादेशी वस्तीची मशीद. ज्यू कुटुंबं त्या भागातून स्वतःहून दुसरीकडे राहायला गेली होती. एका निर्वासितानं दुसऱ्याला खोली द्यावी तशी ती वास्तू हातोहात फिरली, आणि तिची ही कुळकथा कुणी लपवत नाही. मला यात काही गैर दिसत नाही. उलट स्पेनमध्ये तोलेदोला बाराव्या शतकाच्या अखेरीचं एक देखणं सिनेगॉग आहे, पांढऱ्या कमानींचं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं चर्च झालं, आज तिथे ना प्रार्थना होते ना प्रवचन, लोक तिकीट काढून बघायला येतात. नाव मात्र सांता मारिया ला ब्लांका हेच. इमारत उत्तम राखली आहे, पण तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी नाही.

नावाची किंमत प्रागच्या पिंकास सिनेगॉगानं सगळ्यात स्पष्ट दाखवली. बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे 78,000 ज्यूंची नावं 1950 च्या दशकात त्याच्या आतल्या भिंतींवर हातानं लिहिली गेली. 1968 नंतर ते बंद केलं, ओल येते हे कारण झालं आणि भिंतींवरची नावं गेली. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर 1992 ते 1996 या काळात ती पुन्हा एकेक करून लिहिली. ज्यांना जागेचा वापर बदलायचा नव्हता त्यांनाही नावं पुसावीशी वाटली, यावरून खरा भार कशावर असतो ते कळावं. विटा कुणाला सलत नाहीत, सलतात ती नावं. पोलंडमधल्या तिकोत्सिनला 1642 चं सिनेगॉग आता संग्रहालय आहे. गावातली जवळपास निम्मी वस्ती ज्यूंची होती, ती ऑगस्ट 1941 मध्ये जवळच्या जंगलात नेऊन गोळ्या घालून संपवली. तिथे किल्ली सरकारकडे आहे, कारण ती मागायला गावात कुणी उरलं नाही. पण नाव राखलं आहे. दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं मिळणं शक्यच नाही. युरोपातल्या पुष्कळ सिनेगॉगांची आज हीच गत आहे, आणि तिथल्या भल्या माणसांना जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं आहे असं म्हणावं लागतं.

आता कोकणाकडे यावं. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोह्याजवळचं अष्टमी, या गावांत एकोणिसाव्या शतकात सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्याचं बेथ एल 1842 चं, अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आवोत 1848 चं, 1910 मध्ये नव्यानं बांधलेलं, पनवेलचं 1849 चं. ही ससूनसारख्या धनवंतांची कामं नव्हेत. घाणा चालवणाऱ्या, शेती करणाऱ्या, पलटणीत आणि सरकारी कचेरीत चाकरी करणाऱ्या कुटुंबांनी ती उभी केली. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपण वाढलो अशी बेने इस्राएलांची परंपरागत कथा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांची आडनावं केहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, अशी शंभरावर गावांची. सिनेगॉगच्या कारभाराची रचनाही बघण्यासारखी आहे. प्रार्थना चालवणारा हझान आणि देखरेख करणारा शामाश हे हिब्रू, पण प्रमुख तो मुकादम, आणि त्याच्या मदतीला चौगुले. गावगाड्यानं आपली पदं धर्मसभेला उसनी दिली आणि ती कधी परत मागितली नाहीत. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हगादामध्ये, म्हणजे वल्हांडणाच्या सणाच्या पोथीत, सणाची तयारी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या दाखवल्या आहेत. 1880 नंतर तर बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि केली गेली.

या इमारती रिकाम्या का झाल्या, याचं कारण सरळ आहे. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बेने इस्राएल कुटुंबं मोठ्या संख्येनं तिकडे गेली. 1951 च्या सुमाराला इथे वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आज, इतर ज्यू धरूनही, पाचेक हजारांवर आला आहे, आणि त्यातला बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्या गणसंख्येला मिन्यान म्हणतात. नऊ जमले तर ज्याची त्याची प्रार्थना होते, पण धर्मग्रंथाची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. म्हणजे सिनेगॉग बंद पडायला गाव सोडून सगळे जावे लागत नाहीत. दहावा गेला की पुरतं. कोकणातल्या पुष्कळ सिनेगॉगांची कहाणी त्या दहाव्या माणसाची कहाणी आहे. आता सणाला ठाण्या-मुंबईहून माणसं येतात, इस्राएलहून नातवंडं आजोबांचं गाव बघायला येतात, तेव्हा दार उघडतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. युरोपातलं दुःख कोकणात का आणायचं? तिथे माणसं मारली गेली, इथे ती आपल्या इच्छेनं, डोळ्यांत पाणी असलं तरी आशेनं, गेली. जे गेले ते जिवंत आहेत, अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना इथे त्यांची वस्ती आहे, त्यांनी तिथे नवी सिनेगॉग बांधली आहेत, मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. मग इथली जुनी इमारत ओस पडली तर रडायचं कशाला? मी म्हणते, रडूच नये. आपल्या किनाऱ्यावर ज्यूंचा छळ झाला नाही हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो आणि ते खरं आहे. पण त्याच वाक्यात आपण अडकूनही पडतो. छळ केला नाही, एवढ्यानं आपलं काम संपलं असं आपल्याला वाटू लागतं. युरोपात किल्ली हिसकावली गेली, म्हणून तिथला प्रश्न अपराधाचा आहे. इथे किल्ली आजही त्याच समाजाच्या विश्वस्तांकडे आहे, म्हणून इथला प्रश्न आठवणीचा आहे. अपराध नसतानाही आठवण मरते, आणि ती जास्त शांतपणे मरते, कारण तिच्याविरुद्ध फिर्याद करायला कुणी येत नाही. मस्जिद स्टेशनावरून रोज हजारो लोक जातात. त्या नावामागे सिनेगॉग असू शकेल हे त्यातल्या किती जणांच्या मनात येतं? आदरानं दिलेला शब्दच पुढे पडदा झाला. मी सुरुवातीला ज्या शब्दांचं कौतुक केलं त्यांची ही दुसरी बाजू आहे आणि ती मला झाकायची नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो बेने इस्राएलांच्या इतिहासातूनच निघतो. 1796 पूर्वी त्यांच्याकडे सिनेगॉग नव्हतंच. शतकानुशतकं कोकणातल्या घराघरांत शनिवार पाळला गेला, मुलांची सुंता झाली, वर्ज्य अन्न वर्ज्य राहिलं, शेमा ही एक प्रार्थना ओठांवर राहिली, आणि तेवढ्यावर धर्म टिकला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि नवस फेडावा तसं त्यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. त्यांच्या हिब्रू नावावरून तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. ज्या समाजाला इमारतीवाचून इतकी शतकं काही अडलं नाही, त्याच्या रिकाम्या इमारतीची चिंता बाहेरच्यांनी का करावी? याला माझं उत्तर असं आहे की इमारत त्यांच्या धर्मासाठी जपायची असा माझा दावाच नाही. धर्म ते घेऊन गेले. गुंडाळ्या गेल्या, प्रार्थनेच्या चाली गेल्या, मलिद्याचं ताट गेलं. पोहे, नारळ, साखर, फळं घालून एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावानं केलेला मलिदा आज दिमोनात होतो. जे नेता आलं नाही ते मागे राहिलं, आणि मागे राहिलेलं आहे ते आपल्या गावाच्या इतिहासाचं पान आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, एलियाहूचा रथ आकाशात गेला तेव्हा त्याच्या खुणा तिथे उमटल्या अशी श्रद्धा आहे. बायबलातला प्रेषित कोकणच्या कातळावर उतरला, ही घटना ज्यू इतिहासात जेवढी मोलाची आहे त्याहून मराठी इतिहासात जास्त. जेरुसलेमला असे प्रेषित पुष्कळ आहेत, रायगड जिल्ह्याला एकच.

मग विकायचं का? हा तिसरा प्रश्न मुंबईत आक्षेप म्हणून नव्हे तर व्यवहार म्हणून उभा राहतो. जमिनीचे भाव असे आहेत की एका जुन्या प्रार्थनागृहाच्या जागेवर समाजातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची आयुष्यभराची सोय होऊ शकेल. इमारत वाचवण्यासाठी माणसांनी उपाशी राहावं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. शास्त्रही विकायला परवानगी देतं. फक्त ते सांगतं की पैसा वरच्या पायरीवर चढला पाहिजे, आणि वृद्धांची सोय ही माझ्या समजुतीनं वरचीच पायरी आहे. जिथे समाज स्वतः विचार करून असा निर्णय घेतो तिथे बाहेरच्या वारसाप्रेमींनी गळा काढू नये. पण विकणं आणि ओसाड टाकणं यांमध्ये बऱ्याच वाटा आहेत, आणि आपल्या देशात त्या चालून पाहिलेल्या आहेत. केरळमधल्या माळा गावच्या ज्यूंनी 1955 मध्ये इस्राएलला जाताना आपलं सिनेगॉग आणि कबरस्तान करार करून पंचायतीच्या स्वाधीन केलं. गाव सोडणाऱ्यांनी गावाला लेखी विश्वासानं किल्ली देणं, याहून मोठा सन्मान गावाला कोण देणार? परवूर आणि चेंदमंगलम इथली सिनेगॉग आता संग्रहालयं झाली आहेत. भायखळ्याला ससूनांच्या मागेन दाविद सिनेगॉगच्या आवारात त्यांच्याच नावाच्या शाळा आहेत, आणि तिथे शिकणारी मुलं बहुतांश मुसलमान आहेत. हे मला सगळ्यात उत्तम वाटतं. सिनेगॉगच्या सावलीत मुलं पाढे म्हणतात, किल्ली विश्वस्तांकडे आहे, दारावरचं नाव जिथल्या तिथे आहे. त्यासाठी कुणाला कसली घोषणा द्यावी लागली नाही.

काळा घोड्याजवळच्या केनेसेत एलियाहूचं उदाहरण याच्या पुढचं. 1884 मध्ये जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे सिनेगॉग जीर्ण झालं होतं. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याचं जतन झालं, पैसा जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांच्यासारख्या बाहेरच्या संस्थांकडून आला आणि 2019 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. त्याच वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. समाजाबाहेरचा पैसा आला म्हणजे किल्ली गेली का? माझ्या मते नाही, कारण आत आजही प्रार्थना होते आणि ती कधी व्हावी हे विश्वस्तच ठरवतात. पैसा देणाऱ्यानं छप्पर दुरुस्त केलं, देव बदलला नाही. मात्र एक गोष्ट खटकते आणि ती सांगायला हवी. दक्षिण मुंबईतल्या देखण्या, रंगीत काचांच्या, श्रीमंत सिनेगॉगला जेवढं लक्ष मिळतं त्याच्या दहावा हिस्साही कौलारू छपराच्या, तेल्यांनी आणि शिपायांनी वर्गणी काढून बांधलेल्या कोकणातल्या सिनेगॉगला मिळत नाही. वास्तुकलेच्या मापानं ती साधी आहेत. पण मराठी समाजाच्या मापानं त्यांचं वजन जास्त आहे, कारण ससून बगदादहून आले आणि इथे मोठे झाले, तर केहीमकर केहीमचेच होते. राज्य सरकारनं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे चांगलं झालं. त्यानं माणसांची नोंद झाली, गावातल्या भिंतींची अजून व्हायची आहे.

आता प्रश्न उरतो तो कोकणापासून लांबच्या, नाचणगावसारख्या ठिकाणचा. वर्धा जिल्ह्यातलं, पुलगावला लागून असलेलं हे गाव, अलिबागचा समुद्र इथून सहाशे किलोमीटरहून लांब. इथल्या वाचकानं सिनेगॉगचा विचार का करावा? एक कारण असं की रिकामी वास्तू म्हणजे काय हे या भागाला शिकवावं लागत नाही. पुलगावची कापडगिरणी बंद पडली, पुलगाव-आर्वीची छोटी गाडी थांबली. ज्या जागेभोवती सगळ्या गावाचं घड्याळ फिरत होतं ती जागा एके दिवशी नुसती जागा होते, आणि तिचं पुढे काय करायचं हे ठरवणारे भलतेच कुणी निघतात, हा अनुभव इथला आहे. किल्ली आणि नाव हे माझे दोन्ही प्रश्न गिरणीच्या फाटकालाही लागू पडतात. कामगाराला विचारून बघावं, त्याला ते समजावून सांगावे लागणार नाहीत.

दुसरं कारण अधिक थेट आहे. नाचणगावहून चाळीसेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे, ज्याचं नाव 1940 पर्यंत सेगाव होतं. जर्मनीतली सिनेगॉग जळल्याला दहा दिवस होत होते तेव्हा, 20 नोव्हेंबर 1938 रोजी, गांधीजींनी सेगावात बसून ज्यूंवर एक लेख लिहिला. ‘हरिजन’च्या 26 नोव्हेंबरच्या अंकात तो आला. आपली सहानुभूती ज्यूंच्या बाजूनं आहे असं त्यांनी म्हटलं, त्यांच्या छळाची तुलना अस्पृश्यतेशी केली, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा असा सल्ला दिला. हर्मान कालेनबाख हे त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग मित्र ज्यू होते, पेशानं वास्तुविशारद, आणि 1939 च्या सुरुवातीला ते सेगावातच येऊन राहिले होते. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी 1939 मध्ये जेरुसलेमहून गांधीजींना लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात जळालेल्या सिनेगॉगांचा, जळालेल्या तोरांचा, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचा, प्रश्न उभा केला. त्या पत्राला गांधीजींचं उत्तर सापडत नाही. गांधीजींचा सल्ला चुकला असं मला वाटतं. ज्याच्या मनाला आवाहन करायचं तो समोर माणूस म्हणून उभाच नसेल तर सत्याग्रह कुणापुढे करायचा? पण त्यांचा सल्ला चुकला तरी त्यांनी विषय आपल्या अंगणात घेतला, हे मोलाचं आहे. विदर्भातल्या एका खेड्यातल्या मातीच्या कुटीत बसून, बर्लिन आणि व्हिएन्नात जळणाऱ्या घरांचा आपल्याशी संबंध आहे असं मानून लिहिलेला तो लेख होता. मग आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलणाऱ्यांनी बांधलेल्या घरांचा संबंध नाही असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

किल्ली ज्यांची आहे त्यांच्याकडेच राहो. ती मागण्याचा आपल्याला हक्क नाही. नाव राखणं मात्र शेजाऱ्याचं काम आहे, आणि त्याला ना अनुदान लागतं ना परवानगी. शाळेच्या सहली सेवाग्रामला येतात तेव्हा बापूकुटीसमोर शिक्षकांनी 20 नोव्हेंबर 1938 ही तारीख सांगावी आणि त्याआधीच्या दहा दिवसांत काय झालं तेही सांगावं. कोकणात जाल तेव्हा अलिबागचा किल्ला पाहून झाल्यावर ओहोटी संपायच्या आत गावात परता, इस्राएल आळीत जा. दार बंद असलं तर बाहेरूनच पाहा. आणि बरोबरच्या मुलानं हे देऊळ आहे की मशीद असं विचारलं, तर त्याला खरं नाव सांगा: मागेन आवोत, पूर्वजांची ढाल.